गुंडीचे मागचे दोन बूट

३ फेब्रुवारी

माझ्या बुटांच्या कारखान्यातल्या मापांच्या वहीत मी फक्त उजव्या पानावर लिहिते. गिऱ्हाइकाचा कुठला पाय किती आखूड, कुठे जाड सोल लावायचा, चवडा किती रुंद. डावी पानं कोरी राहतात. आजपासून डाव्या पानांवर माझं स्वतःचं लिहिणार आहे, कारण घरात बोलायची सोय उरलेली नाही. तोंड उघडलं की हे म्हणतात, "तू धाकटीवर जळतेस."

मी जळत नाही. मला फक्त राग येतो.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या कुत्रीला, रेशीमला, सहा पिल्लं झाली आणि तेव्हापासून आमचं घर ओस पडलंय. मुलगी कॉलेजातून परस्पर तिकडे जाते. हे स्वतःचं ताट कधी उचलत नाहीत, पण तिथे म्हणे पिल्लांच्या वाट्या विसळतात. हे मला मुलीने हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आमची गुंडी आणि तिची रेशीम सख्ख्या बहिणी. दोन वर्षांपूर्वी दोघा भावांनी एकाच खोक्यातून एकाच दिवशी आणल्या. दोघींना तेच लांब सोनेरी केस. पण चालीत गुंडीची सर रेशीमला नाही. रेशीमही जरा झुलत चालते, नाही असं नाही. गुंडी मात्र ठुमकत चालते. मागून पाहावं, कंबर कशी डावीकडे उजवीकडे जाते. आणि पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलते, सशासारखे. तीस वर्षं मी लोकांच्या चाली बघत आले आहे, अशी ऐट मी पाहिलेली नाही.

गुंडीलाही पिल्लं व्हायला हवीत. निदान सात.

६ फेब्रुवारी

गुंडीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण बोलणं पोलिसासारखं.

"पिल्लं कशासाठी हवीत?"

"तिलाही आई व्हावंसं वाटत असेल ना."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत चांगली राहते म्हणतात. "कोण म्हणतं?" असं त्यांनी विचारलं आणि मला धाकटीचं नाव घ्यावं लागलं. त्या म्हणाल्या, तसं काही नसतं. मग बोलत सुटल्या. आधी खुब्यांचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, मग नराचं तेच सगळं. नुसतं देखणेपण बघून जोडी जमवायची नाही. पिल्लं झाली की आठ आठवडे चोवीस तास घरात माणूस हवं. बाळंतपण अडलं तर पोट उघडावं लागतं, आणि त्यात कुत्री दगावूही शकते. पिल्लं दहाही होतात, म्हणून आधी दहा घरं ठरवून या. आणि चार वर्षांनी कोणी पिल्लू परत आणलं तर ते तुम्ही ठेवून घ्यायचं.

"माझ्या जावेलाही हे सगळं विचारलं होतंत?"

"त्या पिल्लं झाल्यावर आल्या माझ्याकडे."

अस्सं! म्हणजे तिने काहीच केलं नव्हतं. बाहेर पडताना माझी पावलं हलकी झाली होती. मी सगळं रीतसर करणार. एक्स-रे, घरं, सगळं. मग बघू कोणाची पिल्लं चारचौघांत मिरवण्यासारखी होतात ते.

दगावण्याबद्दल घरी काही बोलले नाही. जेवताना गुंडी पायाशी बसली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

९ फेब्रुवारी

दहा घरं शोधायला निघाले. पहिल्या झटक्याला सगळे "हो हो, एक आम्हाला" म्हणतात. पुढची बारा वर्षं सांभाळाल का, गावाला जाताना कोणाकडे ठेवाल, असं विचारलं की घरातलं कोणीतरी आजारी पडतं किंवा घरमालक कडक निघतो. समोरचे शिंपी तर म्हणाले, "पिल्लू हवंय हो, कुत्रा नको."

जी दोन-चार माणसं शहाणी वाटली त्यांनी आधीच धाकटीला शब्द दिलाय. त्यात मास्तरीणबाईसुद्धा! त्यांचा डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड आहे. अकरा वर्षं मी त्यांचे बूट बनवते, त्यांच्या टाचेची जाडी मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. आणि पिल्लू घेणार धाकटीकडून. "तुमच्या जाऊबाई किती गोड आहेत," म्हणाल्या. मी सोल जरा जोरातच ठोकला.

यादीत एकूण दोन नावं. त्यातलं एक माझंच.

१६ फेब्रुवारी

पुढच्या रविवारी पिल्लं आपापल्या घरी जाणार, म्हणून धाकटीने सगळ्यांना बोलावलंय. रिकाम्या हातांनी जाऊन तिच्या पिल्लांचं कौतुक ऐकत बसायला मी काही मूर्ख नाही. गुंडीसाठी चार बूट करायला घेतलेत. लाल मऊ चामडं, आतून अस्तर, वर फीत. नाहीतरी तिची मागच्या पायांची नखं पुढून घासली जातात. आमची फरशी खरखरीत आहे, त्यामुळे असणार.

२३ फेब्रुवारी

बुटांचं कौतुक चार मिनिटं झालं. मी घड्याळ बघत होते. मग कोणीतरी पिल्लांच्या खोलीचं दार उघडलं आणि सगळे तिकडे धावले. त्यात आमचे हे पहिले.

ती पिवळी खोली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्या दोघांनी ती बाळासाठी रंगवली होती. त्यानंतर बारा वर्षं तिचं दार बंदच असायचं आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. आज तिथे आठ-दहा माणसं जमिनीवर बसली होती आणि माझी मुलगी धाकटीच्या खांद्याला टेकून खिदळत होती. माझ्या खांद्याला ती कधी टेकली होती, ते आठवावं लागलं.

सहा पिल्लं सहा घरी गेली. शेवटचं देताना धाकटीने डोळे पुसले आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं, पुरे झाला भाव खाणं. निघताना म्हणते कशी, "वहिनी, मे महिन्यात रेशीम पुन्हा माजावर येईल. परत तोच नर ठरवलाय. सगळे पुन्हा येतील ना?" अंगाचा नुसता तिळपापड झाला.

येताना गुंडी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिली. उठेचना. तीही चिडली असणार. ह्यांनी उचलून वर आणली.

१२ मार्च

कामाचा ढीग. गुंडीचा एक्स-रे दोनदा पुढे ढकलला. तो काढायला तिला गुंगीचं औषध द्यावं लागतं, त्याची मला भीती वाटते. मुलगी हल्ली कॉलेजातून थेट घरी येते. धाकटीकडे का जात नाहीस, विचारलं तर म्हणाली, "आता काय आहे तिथे?" ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२० मार्च

गुंडीला रोज फिरायला नेताना घालते त्या बुटांची एक फीत उसवली म्हणून चारही बूट कारखान्यात नेले. सवयीने पालथे केले.

कोणतंही गिऱ्हाईक आलं की मी आधी जुने बूट मागते. माणूस सांगतो, मला काही त्रास नाही, आणि सोल वेगळंच सांगतो. कुठल्या बाजूने झिजला, कुठे अजिबात झिजला नाही, त्यावरून मी त्याचं गुडघ्याचं दुखणं त्याच्या बायकोच्या आधी ओळखते. ही माझी शेखी आहे आणि ती खरी आहे.

गुंडीचे पुढचे दोन सोल निम्मे झिजलेत. मागच्या दोनांच्या तळाला अजून कारखान्याची चमक आहे. फक्त टोकं घासलीत, पाय फरफटल्यासारखी.

माणूस असता तर मी एका क्षणात सांगितलं असतं, बाबा रे, तुझा खुबा दुखतोय, तू मागे भारच टाकत नाहीस. ती झुलणारी कंबर. ते सशासारखे पाय. तिसरी पायरी. दोन वर्षं मी त्याला ऐट म्हणत होते आणि लोकांना बोलावून दाखवत होते.

दुपारनंतर काम केलं नाही. घरी येऊन तिच्याजवळ फरशीवर बसले. तिने माझा हात चाटला, तेव्हा मला रडू फुटलं.

२४ मार्च

एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ आहेत, हाड त्यात नीट बसतच नाही. डॉक्टरीणबाई आज पोलिसासारख्या बोलल्या नाहीत. वजन वाढू द्यायचं नाही, पोहायला न्यायचं, उड्या बंद, औषध सुरू. पिल्लं अजिबात नाहीत. हे दुखणं आईबापांकडून येतं आणि पुढे जातं, म्हणून पिशवी काढून टाकायची. मग म्हणाल्या, "हिच्या बहिणीलाही बघायला हवं. आणि तिच्या पिल्लांना."

आता जे लिहिते ते डाव्या पानावरच राहू दे. हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा गुंडी आली नाही, ती सहा पिल्लंही आली नाहीत. पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणजे धाकटीचीही तशीच निघणार. आणि मला बरं वाटलं. पुरतं एक मिनिट बरं वाटलं.

त्यानंतर मात्र तोंड कडू झालं ते अजून तसंच आहे.

२५ मार्च

धाकटीला सांगितलं नाही. घरी मुलीला आणि ह्यांना फक्त गुंडीचे सांधे जरा नाजूक आहेत एवढंच सांगितलं.

२९ मार्च

आजही नाही. सांगायला गेले तर काय होणार ते दिसतंय. "हिला स्वतःला पिल्लं मिळाली नाहीत, आता माझ्या पिल्लांना नावं ठेवायला आली." आणि कोण माझ्या बाजूने बोलेल? ह्यांच्यासमोर, मुलीसमोर, शिंप्यासमोरसुद्धा मी इतक्या वेळा नाक मुरडलंय की आता खरं बोलले तरी ते जळकंच ऐकू येणार. ही सोय माझी मीच करून ठेवलीय.

आणि न सांगितलं तर? मे महिन्यात पुन्हा नर येईल. पुन्हा सहा पिल्लं, नाहीतर दहा. वर्ष-दीड वर्षात एकेक लंगडू लागेल आणि लोक धाकटीच्या दारात उभे राहतील. मी तेव्हा काहीही बोलायची गरज नाही. नुसतं घरात बसून ऐकायचं. हा विचार मी आज चहा गार होईपर्यंत केला.

मग निळं चामडं काढलं. रेशीमसाठी चार बूट करते आहे. डॉक्टर नाही, मी स्वतः बघणार. सोल सारखे झिजलेले निघावेत असं मला वाटतंय की उलटं, हे खरंच सांगता येत नाही.

१ एप्रिल

बूट दिले. धाकटी इतकी खूश झाली की मला तिच्याकडे बघवेना. "तुम्ही माझ्यासाठी केलेत, वहिनी?" दोनदा विचारलं. "रेशीमसाठी केलेत," मी म्हटलं. तिने चहाला बसायचा आग्रह केला. पिवळ्या खोलीचं दार बंद होतं. दीर कामासाठी बाहेरगावी. महिन्यातले वीस दिवस ते बाहेरच असतात, म्हणजे घर कसं मोकळं, कोणाची कटकट नाही. काही बायकांचं नशीबच वेगळं असतं.

१५ एप्रिल

शिवण तपासायची आहे असं सांगून काल निळे बूट मागवून घेतले होते. आज संध्याकाळी धाकटी ते परत न्यायला कारखान्यात आली. मी टेबलावर आठ बूट मांडले होते.

"हे काय?"

"लाल गुंडीचे, निळे रेशीमचे. पालथे कर."

तिने केले. तिला काही कळलं नाही, कळायचं कारणही नाही. मग मी बोट ठेवून दाखवलं. पुढचे झिजलेले, मागचे कोरे, टोकं घासलेली. लालमध्ये जास्त, निळ्यात कमी, पण गोष्ट तीच.

"दोघी मागे भार टाकत नाहीत. गुंडीचा एक्स-रे काढलाय, दोन्ही खुबे खराब आहेत. रेशीमचा काढ. आणि मे महिन्यात तो नर आणू नकोस."

तिने एक निळा बूट पुन्हा उचलून पाहिला. "एक्स-रे कधी काढलात?"

"तीन आठवडे झाले."

"आणि आज सांगताय."

"हो."

"तुम्ही माझ्यावर जळता, वहिनी. रेशीमला पिल्लं झाली त्या दिवसापासून जळता. सगळ्यांना माहीत आहे."

"जळते," मी म्हटलं. हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडाने उच्चारला, आणि एकदा निघाल्यावर थांबवता येईना. "तुझ्या पिल्लांवर जळले. तुझ्या मोकळ्या घरावर जळते. माझी लेक तुझ्याकडे जेवढी हसते तेवढी माझ्याकडे हसत नाही, त्यावर तर फार जळते. तरी सोल बघ. सोल मी घासून ठेवलेले नाहीत."

ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"माझ्या मोकळ्या घरावर? पिल्लं होती तोवर आठ आठवडे घरात माणसं होती. चहाचे कप पुरत नव्हते. पिल्लं गेली. त्यानंतर कोण आलं, सांगा. बूट द्यायला तुम्ही आलात तेवढ्याच."

मी आठवून पाहिलं. मुलगी गेली नव्हती. हे गेले नव्हते. मला त्याचा आनंद झाला होता, हेही आठवलं. मी टेबलावरचे खिळे गोळा करत बसले. ती निळे बूट न घेताच गेली.

२३ एप्रिल

रेशीमचा एक्स-रे झाला. डावा खुबा खराब, उजवा बरा म्हणावा असा. धाकटीने मला फोन केला. दिरांना नंतर सांगणार म्हणाली. "सहा घरी जाऊन सांगायला हवं, वहिनी. माझ्या तोंडून निघणार नाही."

"मी येते," मी म्हटलं. "तू फक्त बेल वाजव."

२७ एप्रिल

दोन दिवसांत सहा घरं झाली. मी प्रत्येक पिल्लाला पुढे मागे चालवून पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंकडे कधी न्यायचं ते लिहून दिलं. चार जण ठीक चालतात, आता तरी. दोघांची चाल मला आवडली नाही. एका घरातल्या माणसाने धाकटीला वाटेल ते सुनावलं, "आधी तपासायचं कळत नव्हतं का?" ती मान खाली घालून ऐकत होती. खरं तर हेच ऐकायला मी जिवाचा आटापिटा केला असता, दोन महिन्यांपूर्वी. आज मी मध्ये पडले आणि म्हटलं, "कळत नव्हतं. मलाही नव्हतं. आता कळलंय म्हणून दारात आलोय."

त्यांनी पिल्लू परत दिलं. तिसऱ्या मजल्यावर चढताना ते बसून राहतं म्हणे.

दुसरं वाकडं चालणारं निघालं ते मास्तरीणबाईंचं. धाकटी त्यांना म्हणाली, हवं तर तेही परत घेऊन जाते. मास्तरीणबाईंनी आपला जाड टाचेचा बूट पुढे केला. "माझाही पाय आखूड निघाला होता. मला आईने कुठे परत केलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई खरंच गोड आहेत हो." या वेळी ठोकायला हाताशी काही नव्हतं.

१२ मे

गुंडी आणि रेशीम दोघींचं ऑपरेशन झालं. टाके चाटू नयेत म्हणून दोघींच्या गळ्यात ती प्लास्टिकची मोठी चकती आहे आणि दोघी दाराला धडकतात. आमच्या घरी सात पिल्लं होणार नाहीत, एकही होणार नाही. यादीचं पान मी फाडलं नाही. माझं नाव त्यात आहे, ते राहू दे.

परत आलेलं पिल्लू मला हवं होतं. मी तसं म्हटलंही. पण ते धाकटीने ठेवून घेतलं, पिवळ्या खोलीत. मुलगी आता पुन्हा कॉलेजातून परस्पर तिकडे जाते आणि हे रविवारी वाट्या विसळतात. मला पुन्हा राग येतो. म्हणजे, जळते.

आज धाकटी त्याला घेऊन कारखान्यात आली. ओल्या फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, म्हणून रबरी सोलाचे चार छोटे बूट हवेत. मी त्याला टेबलावर उभं केलं, पट्टी लावली, एकेक पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्याने पेन्सिल चावली. उजवी पानं गिऱ्हाइकांनी भरली होती, म्हणून त्याची मापं या डाव्या पानावर घेतली, ती ही वर आहेत. गुंडी चकती सांभाळत आली आणि त्याला हुंगून माझ्याकडे न येता त्याच्याजवळच बसली.

"वाढता पाय आहे," धाकटी त्याला कडेवर घेत म्हणाली. "दर आठवड्याला माप घ्यावं लागत असेल ना, वहिनी?"

कुठल्याही पायाचं माप दर आठवड्याला घ्यावं लागत नाही. महिन्यातून एकदा पुष्कळ होतं. मी म्हटलं, "हो. रविवारी आण."